नाडी लागेपर्यंत

गवई सर पेशंटच्या नातेवाइकांना "काळजी करू नका" असं कधी म्हणाले नाहीत. चौदा वर्षं मी त्यांच्या ऑपरेशनांना भूल दिली, चौदा वर्षं टेबलाच्या डोक्याकडच्या बाजूला बसून त्यांना पाहिलं, पण हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ते म्हणायचे, "काळजी करा. मीबी करून राह्यलो. फक्त लेकराच्या समोर करू नका."

चिखलीत त्यांचं बारा खाटांचं हाडांचं हॉस्पिटल होतं. मी बुलढाण्याहून गाडीने यायची. मूळची मी नाशिकची. लग्न होऊन इकडे आले तेव्हा पेशंट काय सांगतोय ते शोभा सिस्टर मला समजावून द्यायची. सर इथलेच, उंद्रीचे. शेतमजुरी करणाऱ्या बौद्ध कुटुंबातले, त्यांच्या घरातले पहिले डॉक्टर. पेशंटांशी ते वऱ्हाडीत बोलत आणि माझ्याशी शुद्ध, जरा पुस्तकीच मराठीत. माझ्याशी बोलता बोलता ते वऱ्हाडीवर आले की मी सावध व्हायची. प्रकरण अवघड असल्याची ती खूण होती.

उंच, सडपातळ माणूस. खांदे थोडे पुढे आलेले. ऑपरेशनला जाताना घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकायचे, मग शर्ट खुंटीला लावायचे, आणि बाहेर आल्यावर रोज घड्याळ शोधायचे. भाकरी आणि जवसाची चटणी उभ्या उभ्या खायचे, दुसऱ्या हातात कुणाचा तरी एक्स-रे. "बसा ना सर," असं कुणी म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "बसलो की झोप येते." खरं म्हणजे त्यांना बसवत नसे.

मोटारसायकलवरून पडून नडगीचे चार तुकडे झालेला माणूस आला तरी सर शांत असायचे. पण पाच-सात वर्षांचं मूल कोपर सावरत दारात दिसलं की त्यांच्या कपाळावरची शीर उठायची. दंडाचं हाड कोपराशी येताना रुंद होतं आणि मधोमध अगदी पातळ होतं. मूल झोक्यावरून, झाडावरून, ओट्यावरून हात टेकून पडतं आणि हाड नेमकं तिथे मोडतं. त्याच्या समोरूनच हाताला रक्त नेणारी मोठी रक्तवाहिनी जाते आणि तिला लागून बोटं हलवणारी नस. मोडलेलं टोक धारदार असतं, ते या दोघींमध्ये घुसतं. सर म्हणायचे, "मॅडम, लहान मुलाचं हाड जुळतंच. हाडाला मी घाबरत नाही. त्याच्या शेजाऱ्यांना घाबरतो."

अशा मुलांसाठी त्यांनी एक खेळ काढला होता. आधी अंगठा वर करून दाखवायचा, तो ठेंगा. मग अंगठा आणि तर्जनीची टोकं जुळवून गोल करायचा, कपाळाला लावायला टिकली उचलतात तसा, ती टिकली. मग पाचही बोटं फाकवायची, तो पंखा. तीन खुणा, तीन नसा. "डॉक्टरले ठेंगा दाखव बरं," म्हटल्यावर रडणारं मूलही क्षणभर गोंधळून अंगठा वर करायचं. केसपेपरवर सर मोठ्या अक्षरात लिहायचे, ठेंगा आहे, टिकली आहे, पंखा आहे. ऑपरेशनच्या आधी एकदा, नंतर एकदा. नवीन आलेल्या एका डॉक्टरला हे हसू आलं होतं. सर त्याला म्हणाले, "हसा. पण लिहा."

दुसरा नियम म्हणजे अशा कोपराला पहिल्या दिवशी गोल प्लास्टर घालायचं नाही. मागून प्लास्टरची अर्धी पट्टी, वर कापूस, वर सैल बँडेज. आणि मूल घरी जाणार नाही. गोल प्लास्टर केलेलं मूल दुसरीकडून आलं की सर बोलणं सोडून कात्री घ्यायचे. शेषराव, आमचे प्लास्टर घालणारे जुने कर्मचारी, मला एकदा म्हणाले, "मॅडम, हे काऊन एवढे चिडतात माहीत आहे का? दुसरबीडले जाऊन पाहा."

दुसरबीडला मी योगायोगानेच गेले. सिंदखेडराजा तालुक्यातल्या एका गावात आम्ही तपासणी शिबिर घेतलं होतं, परत येताना सरांनी दुसरबीडच्या रस्त्यावर एका पिठाच्या गिरणीपुढे गाडी थांबवली. गिरणी चालवणारी बाई तिशीतली होती. मंदा तिचं नाव. डाव्या हाताने ती डबा उचलत होती, उजव्या मनगटाने त्याला आधार देत होती. उजव्या हाताची बोटं आत वळून आखडलेली, मनगट वाकलेलं, कोपराखालचा हात सुकलेला.

सर म्हणाले, "कशी हायेस?"

ती पिठाने भरलेल्या पापण्यांनी त्यांच्याकडे पाहत म्हणाली, "डॉक्टर, तुमी आले का माह्या हाताकडंच पाह्यता. कधी तोंडाकडं पाहा ना."

सर ओशाळले. तिने आम्हाला चहा पाजला, तिच्या मुलीची वही दाखवली, गिरणीच्या नव्या मोटरबद्दल सांगितलं. हाताचा विषय दोघांनीही पुन्हा काढला नाही. सरांनी गाडी गावाबाहेर काढली. मग रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तो हात माझा आहे."

मंदा सहा वर्षांची असताना त्यांच्याकडे आली होती. त्यांची प्रॅक्टिस नुकतीच सुरू झालेली. हाड त्यांनी छान बसवलं, एक्स-रे पाहून स्वतःवर खूश झाले. कोपर पूर्ण वाकवून गोल प्लास्टर घातलं. पेरणीचे दिवस होते, आईवडील थांबायला तयार नव्हते, आणि हाड चांगलं बसलंय या आनंदात सरांनीही तिला घरी सोडलं. घरी पोरगी रात्रंदिवस रडली. मोडलेल्या हाताला दुखणारच, असं सगळे म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी आणली तेव्हा बोटं निळी पडली होती. आतली सूज प्लास्टरने कोंडली होती, रक्त पोचलं नव्हतं, स्नायू मेले होते.

"एक्स-रे आजही उत्तम दिसतो," सर म्हणाले. "हाड अगदी रेषेत."

पुढे कुणीतरी सुचवलं की ऑपरेशनला नाही म्हणणाऱ्या आईबापांना मंदाच्या हाताचा फोटो दाखवावा. मी त्यांना इतकं चिडलेलं क्वचित पाहिलं. ते म्हणाले, "तिचा हात म्हणजे भिंतीवर लावायचा कागद नाही."

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या भागात एक हाडवैद्य होते, आत्मारामबुवा, शेतकरी घरातले, सत्तरीचे. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली मुलं आधी त्यांच्याकडे जायची. ते बांबूच्या पट्ट्या लावून घट्ट बांधायचे आणि दोन दिवसांनी ते मूल फुगलेल्या हातानं आमच्याकडे यायचं. मी सरांना म्हटलं, तक्रार करा. सर म्हणाले, "करू. आधी भेटून येतो." आणि मलाही घेऊन गेले.

बुवा ओट्यावर बसले होते. सर खालीच उभे राहिले. म्हणाले, "बुवा, मी उंद्रीचा गवई. माह्या आज्याचा पाय तुमच्या बापानं याच ओट्याखाली बांधला होता."

बुवांनी मान वर केली. ओट्याखाली, या शब्दाचा अर्थ त्या अंगणात तिघांनाही कळत होता. गवई आजोबांना तेव्हा ओटा चढायची मुभा नव्हती.

"जुळला होता का पाय?" बुवांनी विचारलं.

"चांगला जुळला होता. मरेपर्यंत चालला माणूस. म्हणूनच आलो."

 बुवांनी सरकून जागा केली आणि म्हणाले, "वर बसा."

सर वर बसले. मनगट, बोटं, पायाचा मुरगळा तुम्ही पाहा, मी आडवा येणार नाही, असं ते म्हणाले. फक्त लेकराचं कोपर आलं तर बांधू नका. फडक्याच्या झोळीत हात ठेवा, नाडी पाहा आणि लगेच पाठवा. बुवा म्हणाले, "नाडी मले पाह्यता येते, डॉक्टर."

"म्हणून तं तुमाले सांगून राह्यलो."

त्यानंतर बुवांकडून येणारी मुलं झोळीत हात घालून यायला लागली. सगळी नाही. पण बरीच.

श्रावणी मात्र बुवांकडून आली नव्हती, सरळ घरूनच आली. सोयाबीन घरात यायचे दिवस होते, रविवार होता. उंद्रीच्या पलीकडच्या गावातली सात वर्षांची पोरगी, अंगणात रचलेल्या पोत्यांच्या थप्पीवर चढली आणि वरून पडली. बाप गजानन मोटारसायकल चालवत होता, मागे आई तिला मांडीवर घेऊन. साडेबारा वाजले असतील. मी आधीच्या एका पेशंटसाठी तिथेच होते.

कोपराच्या वर हात नागमोडी वाकला होता. दंडाच्या पुढे कातडीला आतून खळगा पडलेला, म्हणजे हाडाचं टोक स्नायूतून आरपार येऊन कातडीला अडकलेलं. हाताचा पंजा पांढरा होता. मी हात लावला तर गार.

सरांनी मनगटावर तीन बोटं ठेवली. "शोभा, पंखा बंद कर." पंखा थांबला. सगळे उभे होते. सर डोळे मिटून उभे राहिले, बोटं जरा सरकवली, पुन्हा थांबले. मग डोळे उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. नाडी नव्हती.

त्यांनी हात हलकेच ओढून कोपर जरा सरळ केलं. कधीकधी एवढ्यानेही दबलेली वाहिनी सुटते. आम्ही थांबलो. काही झालं नाही.

"बेटा, ठेंगा दाखव." पोरीने हुंदके देत अंगठा कसाबसा वर केला. "पंखा कर." बोटं थोडी फाकली. "आता टिकली." अंगठा आणि तर्जनी जवळ आली, पण टोकं वाकेनात. सपाटच राहिली. सरांनी गजाननला जवळ बोलावलं. "हे पाहून घ्या. हे दोन बोटं वाकून नाही राह्यले. नसेले मार लागला आहे, पडल्यामुळे. मी अजून हाड बसवलं नाही." आणि लिहिलं, टिकली नाही.

गजानन म्हणाला, "मी इले संभाजीनगरले नेतो. मोठ्या दवाखान्यात."

"नेता येते," सर म्हणाले. "तीन घंटे लागतीन. रक्ताची नळी शिवणारे डॉक्टर तिकडे आहेत, मले ते येत नाही. पण हाड जागेवर बसल्याबिगर नळी मोकळी होत नाही, आन् हाड मले बसवता येते. तिकडे गेल्यावर तेबी पहिले हेच करतीन, तीन घंट्यानं. म्हणून म्हणतो, अगोदर इथं बसवू. रंग आला नाही तं ॲम्ब्युलन्स दारात उभी असन. मी संगं येतो."

"आन् तुमच्यानं नाहीच झालं तं?"

"तं तुमचा एक घंटा म्या वाया घातला असन."

गजानन बायकोकडे पाहायला लागला. ती इतका वेळ पोरीचा दुसरा हात चोळत होती, जणू त्या हातातून ऊब पलीकडे जाणार होती. ती म्हणाली, "करा."

आता प्रश्न माझा होता. पोरगी पडायच्या जरा आधीच भाकर आणि वांग्याची भाजी पोटभर जेवली होती. भरल्या पोटी भूल दिली आणि उलटी फुप्फुसात गेली, तर मूल टेबलावर जाऊ शकतं. नियम सहा तास थांबायचा. मी सरांना बाजूला घेतलं आणि तेच सांगितलं.

"सहा तासांनी हात मेलेला असेल," ते म्हणाले.

"आणि आत्ता दिली तर पोरगी."

आम्ही दोघंही हळू बोलत होतो. शोभा सिस्टर दाराशी उभी राहून ऐकत होती. सर म्हणाले, "मॅडम, तुमच्या कामात मी हुकूम करत नाही. तुम्ही नाही म्हणा, मी आत्ता ॲम्ब्युलन्समध्ये बसतो तिले घेऊन. पण तुम्हाले काय वाटते ते सांगा. नियम काय म्हणते ते मले माहीत आहे."

ते वऱ्हाडीवर आले होते. मी पोरीकडे पाहिलं, त्या पांढऱ्या पंजाकडे पाहिलं. मग शोभाला म्हटलं, उलटी ओढून घेणारं सक्शनचं यंत्र चालू करून माझ्या उजव्या हाताशी ठेव, आणि मी सांगेन तेव्हा पोटातलं वर येऊ नये म्हणून गळ्यावर बोटाने दाब, मी सांगेपर्यंत सोडू नकोस. औषध गेल्यापासून श्वासनलिकेत नळी बसेपर्यंत एक मिनिटही लागलं नसेल. उलटी झाली नाही.  सर माझ्याकडे पाठ करून, हात वर धरून उभे होते. नळी बसली असं मी सांगितल्यावरच ते वळले.

शेषरावांनी काखेतून फडकं घालून दंड धरून ठेवला आणि सरांनी हात ओढायला सुरुवात केली. झटका नाही. नुसतं ओढून धरलं, एकसारखं, दोन मिनिटं. दुसऱ्या हाताने दंडाचा स्नायू वरून खाली पिळल्यासारखा दाबत आणला, हाडाचं टोक त्यातून सुटावं म्हणून. काहीतरी आत सरकल्याचं मलासुद्धा दिसलं. कातडीचा खळगा गेला. मग आडवं सरकलेलं हाड मध्ये आणलं, अंगठ्याने कोपराचं टोक पुढे रेटलं आणि हात वाकवला. एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर चित्र आलं. हाड रेषेत होतं. 

हाड जागेवर धरून ठेवणारी पहिली तार बाहेरच्या बाजूने ड्रिलने गेली. दुसरी गेली. तिसरीचं टोक हाडावरून घसरलं. सरांनी काढून पुन्हा लावलं. पुन्हा घसरलं. मी त्यांच्या उजव्या हाताकडे पाहिलं. ड्रिलचं तोंड थरथरत होतं. फार नाही, पण थरथरत होतं. ते थांबले, आपलं कोपर स्वतःच्या अंगाशी घट्ट दाबून धरलं, आणि तार घातली. गेली.

मग पोरीचं कोपर त्यांनी पुन्हा सैल केलं, काटकोनापेक्षा बरंच सरळ, आणि सगळे जण पंजाकडे पाहायला लागलो. आधी तळवा, मग बोटं, मग नखं. गुलाबी रंग इतका हळू चढत होता की खरंच चढतोय की आम्हाला भास होतोय, ते कळेना. शोभाने रक्ताचा प्रवाह दाखवणारा चिमटा बोटाला लावला. यंत्रावर बारीक लाट उमटली.

सरांनी मनगटावर बोटं ठेवली. नाडी नव्हती.

ही सगळ्यात अवघड जागा. हात गुलाबी, ऊबदार, म्हणजे आजूबाजूच्या बारीक वाटांनी रक्त येतंय. पण मोठ्या वाहिनीत ठोका नाही. ती नुसती आकसली असेल तर काही तासांत उघडेल. आतून फाटली असेल, गुठळी झाली असेल, तर हे गुलाबीपण फसवं. सरांनी संभाजीनगरच्या रक्तवाहिन्यांच्या डॉक्टरांना फोन लावला, हाताचे फोटो पाठवले. त्यांचं म्हणणं पडलं की रंग आहे, ऊब आहे, तर थांबा, पण कुणीतरी तिथून हलू नका. बोटं फिकी पडली किंवा दुखणं वाढलं तर ताबडतोब निघा.

अडीच वाजता श्रावणीला वॉर्डात आणलं. सर तिच्या खाटेशी बसले. चौदा वर्षांत वॉर्डात मी त्यांना बसलेलं पहिल्यांदा पाहिलं. हॉस्पिटलच्या दाराशी ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर स्टिअरिंगवर डोकं टेकून पडला होता.

गजानन खाटेच्या पायाशी उभा होता. "नाडी नाही म्हणता, आन् बसून काय राह्यले? चला ना तिकडे."

सरांनी त्याला सगळं पुन्हा समजावलं, बारीक वाटा, मोठी वाट. तो ऐकत होता, पण पटत नव्हतं. मलाही पटत नव्हतं. मी सरांना व्हरांड्यात बोलावून म्हटलं, पाठवून देऊ, तिथे पोचून थांबलेलं बरं. ते म्हणाले, "त्याचाच विचार करून राह्यलो. रस्ता कसा आहे तुम्ही पाहता. तीन घंटे गचके खात, सुजलेला हात, वाटेत दुखणं वाढलं तं ते हाडाचं का आतल्या दाबाचं, कोण ठरवणार? इथं मी तिचं एकेक बोट पाहू शकतो." मग जरा थांबून म्हणाले, "मॅडम, मले भेव लागून राह्यलं."

चौदा वर्षांत एवढं एकच वाक्य त्यांनी मला असं सांगितलं. मी गाडीची किल्ली पर्समध्ये टाकली आणि बुलढाण्याला फोन करून संध्याकाळचं काम दुसऱ्याला दिलं.

दर अर्ध्या तासाने ते श्रावणीची बोटं एकेक करून हळूच सरळ करायचे आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहायचे. आतला दाब वाढत असेल तर ते सहन होत नाही, मूल किंचाळतं. ती कुरकुरायची, किंचाळत नव्हती. चार वाजता तिने पाणी मागितलं. नंतर चांगली जागी झाल्यावर तिने स्वतःच खेळ करून पाहिला आणि म्हणाली, "माह्यी टिकली नाही होऊन राह्यली."

"माहीत आहे बेटा. ते झोपेल आहे. उठन."

"कवा?"

"हे मलेबी सांगता नाही येत."

पावणेसहाच्या सुमारास ते पुन्हा मनगट धरून बसले होते. मी समोरच्या रिकाम्या खाटेवर होते. त्यांचा चेहरा तसाच होता, फक्त बोटं एकदम स्थिर झाली. त्यांनी हात काढून घेतला, पँटला पुसला, डाव्या हाताची बोटं ठेवली. मग शोभाला बोलावलं. तिने बोटं ठेवली आणि मला खुणेने बोलावलं. मी उठले. धाग्याएवढी बारीक, पण ठोक्याला ठोका देत नाडी होती.

सरांनी गजाननचं बोट धरून तिच्या मनगटावर नेमकं ठेवलं. "दाबू नका. नुसतं ठेवा." तो वाकून उभा राहिला. बराच वेळ राहिला. बायको म्हणाली, "लागली का?" त्याने मान डोलावली, पण बोट उचललं नाही.

ॲम्ब्युलन्सला परत पाठवलं. मी प्लास्टरच्या खोलीत गेले तर सर चहाचा कप समोर ठेवून बसले होते. त्यांनी कप उचलला, बशीवर टकटक आवाज झाला, त्यांनी तो परत ठेवला.

"तिसरी तार तुम्ही पाहिलीत," ते म्हणाले.

"हो."

"उन्हाळ्यापासून आहे. मोठ्या हाडाला चालून जातं. मी कोपर अंगाला टेकवून करतो. पण आज ती तार आणखी जराशी आत घसरली असती तर..." वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला काहीतरी बोलायला हवं होतं. तपासून घेऊ, औषधं असतात, असं काहीसं मी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हे शेवटचं."

आणि ते खरंच शेवटचं ठरलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ऑपरेशन केलं नाही. येणाऱ्यांना तपासून बुलढाण्याला, अकोल्याला पाठवू लागले. पण श्रावणीचं प्रकरण संपलं नव्हतं, तिच्यासाठी मीही अधूनमधून चिखलीला येत राहिले. चौथ्या आठवड्यात तारा काढल्या, हाड जुळलं होतं, नाडी भरून लागत होती, पण टिकली होत नव्हती. सरांनी बजावलं होतं, तेल लावून चोळायचं नाही, ओढूनताणून सरळ करायचं नाही, पोरगी आपली आपण हात वापरेल. तरी आजीने चोळलंच. कोपर पुन्हा सुजलं. त्या दिवशी सर आजीवर ओरडले आणि मग तिला खुर्ची दिली.

गजाननच्या गावात बोलणं सुरू झालं की डॉक्टरने नस तोडली. एक दिवस तो दोन नातेवाइकांना घेऊन आला. ओपीडी भरलेली होती. त्यातला एक जण मोठ्याने म्हणाला, "हात थरथरते म्हणे तुमचा. मंग पोरीले हात काऊन लावला?"

ही गोष्ट बाहेर कशी गेली मला माहीत नाही.  ऑपरेशनच्या आधी लिहिलेला कागद समोरच्या फायलीत होता, टिकली नाही, खाली वेळ आणि तेव्हाच घेतलेला गजाननच्या अंगठ्याचा ठसा. सर तो दाखवतील म्हणून मी वाट पाहत होते. त्यांनी फाईल उघडली नाही. ते म्हणाले, "थरथरते. खरं आहे. म्हणून आता मी करत नाही. नस तुटली नाही असं मले वाटते, पण वाटणं म्हणजे पुरावा नाही. तीन-चार महिने वाट पाहू. नाही आलं तं मी स्वतः इले घेऊन मोठ्या डॉक्टरकडे जातो."

नातेवाईक बडबडत राहिले. गजानन मात्र त्यांच्या आधी बाहेर गेला.

पोरगी दर पंधरा दिवसांनी येत राहिली. चौथ्या महिन्यात एका सकाळी मी तिथे होते. सरांनी काही विचारायच्या आधीच तिने हात टेबलावर ठेवला आणि दात ओठावर रोवून अंगठा आणि तर्जनी वाकवली. वेडावाकडा, चपटा, पण गोल झाला. गजानन खिडकीकडे तोंड करून उभा राहिला आणि तसाच राहिला. आई हसली. सरांनी कोनमापक लावून कोपर मोजलं, पूर्ण सरळ व्हायला दहा अंश कमी होतं. ते त्यांनी लिहिलं, दोन्ही लिहिलं, आधी दहा अंश आणि मग टिकली.

त्याच महिन्यात त्यांनी हॉस्पिटल एका तरुण डॉक्टरीणबाईंना चालवायला दिलं. निरोपसमारंभ नको म्हणाले. मी बाईंबरोबर पहिलं ऑपरेशन करायला गेले त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास गाडी रस्त्यापलीकडे लावत होते, तेव्हा सर दाराशी दिसले. स्टुलावर चढून ते भिंतीवरची आपल्या नावाची पितळी पाटी काढत होते. चार कोपऱ्यांना चार स्क्रू. पेचकसाचं टोक खाचेत बसत नव्हतं. बसायचं, निसटायचं, भिंतीवर ओरखडा उठायचा. शेषराव हात पुढे करून खाली उभे होते. सरांनी मान हलवून नको म्हटलं.

मी गाडीतून उतरणार होते, उतरले नाही. पहिल्या स्क्रूला बराच वेळ लागला. दुसऱ्याच्या वेळी त्यांनी कोपर भिंतीला टेकवलं. तिसरा गंजलेला असावा, त्याला त्यांनी दोन्ही हात लावले. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, धूळ उडाली, ती बसेपर्यंत ते डोळे मिटून थांबले आणि पुन्हा लागले. चौथा निघाला तेव्हा पाटी निसटली, पण त्यांनी ती छातीशी दाबून धरली. हळूच खाली उतरले. चारही स्क्रू हातावर घेऊन पाहिले, शर्टाच्या खिशात टाकले, शेषरावांच्या खांद्यावर जरा हात ठेवला, आणि पाटी काखेत मारून उन्हातून एसटी स्टँडच्या दिशेने चालायला लागले.